मलप्पाच्या लेकाची मनीऑर्डर

उदगीरच्या आडत बाजारात ज्याचा आवाज तीस वर्षं चालला तो मलप्पा तोलार दिसायला अगदीच किरकोळ होता. पडलेले खांदे, बारीक मान, अंगात बिनबटनांची बंडी. पण काट्यासमोर उभं राहून त्यानं पहिलं माप पुकारलं की चार दुकानं पलीकडची घासाघीस थांबायची. तोलार पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. घेणाऱ्यालाही लाभ, देणाऱ्यालाही लाभ. बाकीचे तोलार हा शब्द तोंडातल्या तोंडात उरकून दोन-तीनवर यायचे. मलप्पा मात्र तो लांबवून, अगदी मानानं म्हणायचा. शेतकरी बैल सोडायच्या आधी विचारायचे, “काट्यावर मलप्पा हाय का?” असला तर निवांत बाजार करायला मोकळे.

माणिकप्पा आडत्याच्या दुकानावर तो कामाला होता. माणिकप्पा मनानं बरा माणूस, पण शेवटी आडत्याच. सुरुवातीला एकदा त्यानं सहज म्हणून सुचवलं, की काट्याची दांडी जराशी आपल्याकडं कलली तर कुणाचं काय जातंय. मलप्पानं काट्यावरचा हात काढला, धोतर झटकलं आणि सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकप्पाच त्याच्या दारात उभा. पुढं तो विषय कधी निघाला नाही. उलट माणिकप्पाच गिऱ्हाइकांना छाती काढून सांगू लागला, “मलप्पाचा शब्द म्हंजे काटा.” हे वाक्य गल्लीत इतकं रुळलं की पोरंही खेळताना भांडण लागलं तर तेच म्हणायची. ह्याच वाक्यानं पुढं मलप्पाचा घात केला, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा सरकारी धान्यवाटपाच्या काट्यावर तहसीलनं त्यालाच बसवलं. लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायची. शिजवली तरी घशाखाली उतरत नसे, पण तिच्यासाठीही माणसं उन्हात तासन्‌तास उभी राहायची. त्या रांगेत मलप्पाची बायको शांतम्माही असायची. तिची पाळी आली की मलप्पा मान वर करत नसे. सगळ्यांना जेवढं, तेवढंच तिला. त्यांचा एकुलता एक लेक गुरुबसप्पा तेव्हा सतरा वर्षांचा होता. दिवसभर सडकेच्या कामावर खडी फोडायचा आणि घरी येऊन अर्ध्या भाकरीवर उठायचा. एक दिवस तो बापाला म्हणाला, “अप्पा, समद्या गावाला मापून देऊन राहिलात. घरी एक मूठ जादा आली तर कोन बगनार हाय?”

“मी बगनार हाय की,” मलप्पा म्हणाला.

उत्तर चोख होतं. ते देऊन मलप्पाला बरंही वाटलं; खोटं कशाला सांगा. आठच दिवसांनी पोरगा हैद्राबादला निघालेल्या एका ट्रकवर बसून गेला. जाताना आईला सांगून गेला, बापाला नाही. त्याची दोन पत्रं आली. एकात खुशाली होती, दुसऱ्यात लाकडाच्या वखारीत काम लागल्याचं लिहिलं होतं. तिसरं पत्र आलं नाही. शांतम्मानं चार वर्षं पोस्टमनची वाट पाहिली. एका पावसाळ्यात ती तापानं गेली, आणि वाट पाहायचं काम मलप्पाकडं आलं.

त्याच वर्षी दुकानात पोत्यांची थप्पी कलली आणि खालची दोन पोती मलप्पाच्या गुडघ्यावर आली. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. तोलाराचं सगळं काम उभ्यानं चालतं. माणिकप्पानं त्याला वर्ष-दोन वर्षं ओट्यावर बसून फाटकी पोती शिवायला दिली. मग हात थरथरू लागला. टाके तिरपे पडायला लागले तशी मलप्पानं स्वतःच दाभण खाली ठेवली. माणिकप्पा म्हणाला, तू नुसता येऊन बस, तुझा घास माझ्याकडं. पण नुसतं बसून खाणं मलप्पाच्या रक्तात नव्हतं. त्याच्या समाजात कामाला कायक म्हणतात आणि कायक हीच पूजा मानतात. काम न करता खाल्लेला घास म्हणजे पाप, असं तो लहानपणापासून शिकलेला. तो दुकानावर जाईनासा झाला आणि घरात एका वेळच्या भाकरीवर दिवस काढू लागला.

तहसील कचेरीत रेणुकादास नावाचे एक कारकून होते. दुष्काळातल्या वाटपाच्या वेळेपासून ते मलप्पाला ओळखत. त्यांनी त्याला एकदा काठी टेकत जाताना पाहिलं, हाताला धरून कचेरीत नेलं आणि समोर बसवलं. सरकारनं निराधार माणसांसाठी योजना काढली होती. म्हातारी, अपंग, ज्यांना बघणारं कुणी नाही, अशांना महिन्याला साठ रुपये मिळणार होते. रेणुकादासांनी स्वतःच्या हातानं फॉर्म भरायला घेतला.

“मुलगा?”

“हाय.”

“सांभाळतो?”

मलप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. रेणुकादासांनी थोडं थांबून लिहिलं, ‘मुलगा परागंदा. सांभाळत नाही.’ मग फॉर्म सहीसाठी पुढं सरकवला. मलप्पाला वाचता येत होतं, हीच पंचाईत. अंगठेबहाद्दर असता तर त्या चार शब्दांच्या खाली अंगठा टेकवून मोकळा झाला असता. त्यानं वाचलं आणि सही केली. घरी जाताना बाजारातला नेहमीचा रस्ता सोडून तो मागच्या ओढ्याकडून गेला, कारण माणिकप्पानं ‘कुठं गेलतास’ म्हणून विचारलं असतं.

दोन महिन्यांनी पोस्टमन शेषेराव गल्लीत आला आणि त्यानं हाक दिली, “मलप्पा, मनीऑर्डर.” समोरच्या उंबऱ्यावर लक्ष्मम्मा बसली होती. डोळ्यांत फूल पडून तिला पुरतं आंधळेपण आलं होतं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. मांडीवर कापूस घेऊन ती बोटांच्या अंदाजानं देवाच्या वाती वळायची आणि मठात नि चार घरांत विकायची. तिनं मान वर केली आणि विचारलं, “कुनाची हो अण्णा? गुरूची का?”

मलप्पानं काहीही म्हणायला हरकत नव्हती. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्या बाईच्या तोंडावर असा काही आनंद पसरला होता की त्याच्या तोंडून निघून गेलं, “हाव.”

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की गुरुबसप्पाला बापाची आठवण आली. किराणावाल्या संगप्पानं आपणहून पावशेर गूळ बांधून दिला. माणिकप्पा स्वतः येऊन म्हणाला, “मी म्हनलो नव्हतो का, रक्त हाय शेवटी.” मलप्पाला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेखाली गोडही वाटलं. सात-आठ वर्षांत लेकाचं नाव कुणी त्याच्यापुढं घेत नव्हतं. आता रोज घेत होते.

खोट्याची एक खोड असते, ते एका शब्दावर थांबत नाही. लोक विचारायचे आणि मलप्पाला सांगावं लागायचं. गुरू वखारीत आता मुनीम झाला. गुरूचं लग्न झालं, सून बीदरकडची. गुरूला मुलगी झाली. “नाव काय ठिवलं?” लक्ष्मम्मानं विचारलं, तेव्हा तो जरा अडखळला आणि म्हणाला, “शांतम्मा. आज्जीचं ठिवलं.” हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. लक्ष्मम्माला ते दिसलं नाही, पण आवाजातलं तिला कळलं आणि तिनंही पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून गल्ली त्या नातीची चौकशी करू लागली. चालते का, बोलते का, दात आले का. मलप्पा उत्तरं देत राहिला. नात गल्लीतच वाढू लागली म्हणा ना.

शेषेराव पोस्टमनला सगळं ठाऊक होतं. मनीऑर्डरच्या कागदावर पाठवणाऱ्याच्या जागी तहसीलदार लिहिलेलं असायचं. पण पोस्टमन लोकांच्या घरातलं इतकं जाणून असतो की त्याला तोंड बंद ठेवायची सवयच लागते. पुढं पुढं तर तो हाकच अशी द्यायचा, “मलप्पा, लेकाची मनीऑर्डर.” मलप्पा त्याच्याकडं न बघता सही करायचा.

इथपर्यंत झालं ते कुणीही पोटात घालावं असंच. बापानं लेकाची लाज झाकली, एवढंच. पण पुढं मलप्पानं जे केलं ते झाकण्यासारखं नाही.

एके दुपारी लक्ष्मम्मा चाचपडत त्याच्या दारात आली. हातात घडी घातलेला कागद होता. शाळेतल्या प्रेमलाबाईंनी तिचा निराधारचा फॉर्म भरून दिला होता. “अण्णा,” ती म्हणाली, “ह्यो तहसीलला नेऊन द्यायचाय म्हन्तेत. माझ्यासंगं याल का? तुमाला वाट ठावं हाय, आन्‌ तुमी संगं आसलं तर समदे नीट बोलतेत.”

मलप्पाच्या डोळ्यांपुढं एकदम रेणुकादास उभे राहिले. टेबलावरून मान वर करून ते विचारणार, काय मलप्पा, पैसे वेळेवर येतात ना? आणि शेजारी लक्ष्मम्मा. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं. तेवढ्या एका प्रश्नानं लेक, सून, मुनिमाची नोकरी आणि ती दात येणारी नात, सगळं कचेरीतच संपलं असतं.

“लक्ष्मम्मा,” तो म्हणाला, “आपन कायक करनारी मानसं. सरकारपुढं हात पसरायचा? निराधार म्हनून कागदावर नाव लावून घ्यायचं? तुझे हात चालून राहिलेत की अजून.”

 तिनं कागदाची आणखी एक घडी घातली. “तुमी म्हन्ता म्हंजे बरोबरच आसंल,” ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत परत गेली. तो कागद तिनं वातींच्या डब्यात तळाशी ठेवला.

त्यानंतर चार दिवसांनी मलप्पाची मनीऑर्डर आली. त्यानं भाकरी पुढ्यात घेतली आणि न खाताच परत झाकून ठेवली. आपण काय केलं ते त्याला नीट कळत होतं. उठावं, समोरच्या दारात जावं आणि सांगावं, हे त्यानं मनात शंभर वेळा केलं, पण पायानं एकदाही केलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. थंडीत लक्ष्मम्माची बोटं सुजायची, वाती सैल व्हायच्या, मग त्या कुणी घेत नसे. मलप्पा तिला आपल्यातली भाकरी, कधी पावशेर डाळ नेऊन द्यायचा. ती घ्यायची आणि हात वर करून म्हणायची, “गुरूला पत्रात लिव्हा अण्णा, लक्ष्मम्माचा आशीर्वाद हाय म्हनून.” हा आशीर्वाद ऐकून मलप्पाला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. तरी तो म्हणायचा, “लिव्हतो.”

मग लातूर जिल्हा झाला. आधी कलेक्टरकडं काही काम निघालं तर उस्मानाबाद गाठायला अख्खा दिवस जायचा. आता लातूर म्हणजे परसदारीच, असं लोक म्हणू लागले. गल्लीतले पाचसहाजण एसटीनं जाऊन सोहळा बघून आले आणि महिनाभर तेच सांगत बसले. नवा जिल्हा म्हणजे नवी दप्तरं, नवे शिक्के. जुन्या जिल्ह्याकडून आलेल्या याद्या तपासून घ्यायचं ठरलं आणि निराधारांची यादी घेऊन गिरदावर साहेब, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे अधिकारी, एका सकाळी गल्लीत येऊन ठेपले. मठाच्या ओट्यावर सतरंजी टाकली. पंच म्हणून माणिकप्पाला आणि संगप्पाला बोलावलं. बाकी गल्ली आपणहून जमली. मलप्पालाही निरोप गेला. तो काठी टेकत आला आणि ओट्याच्या कडेला बसला. समोर आपल्या उंबऱ्यावर लक्ष्मम्मा वाती वळत होती.

साहेबांनी वाचलं, “मलप्पा वीरभद्रप्पा, वय पासष्ट, अपंग. मुलगा परागंदा, सांभाळत नाही. दरमहा अनुदान चालू. बरोबर आहे?”

गल्लीत आधी कुणाला काही कळलंच नाही. मग संगप्पा तडकला. “कुनी लिव्हलं हे, साहेब? ह्यांचा लेक हैद्राबादला मुनीम हाय. दर म्हैन्याला मनीऑर्डर धाडतो. समद्या गल्लीला ठावं हाय.”

“पण अनुदान तर दरमहा पोचतंय,” साहेब कागद उलटत म्हणाले. “पोस्टानं येतं.”

माणिकप्पाच्या कपाळावर आठ्या पडल्या. आयुष्यभर हिशेबात चूक शोधत आलेला माणूस तो. “साहेब, मलप्पाला म्हैन्याला एकच मनीऑर्डर येती. ती लेकाची. मंग सरकारची कुठं जाती?”

ह्या प्रश्नावर सगळी गल्ली एकदम वळली. कोपऱ्यावर खांद्याला पिशवी लावून शेषेराव उभा होता. नेहमीच्या फेरीला आला होता आणि गर्दी बघून थांबला होता. कुणीतरी म्हणालं, “म्हंजे ह्योच खाऊन राहिला.” दुसरा म्हणाला, “गरिबाच्या नावावर.” संगप्पा तर ओट्यावरून खाली उतरला. साहेबांनी पेन उघडलं आणि शेषेरावचं पूर्ण नाव विचारलं.

शेषेरावनं नाव सांगितलं. त्याला चार शब्दांत सुटता आलं असतं. पिशवीतला मनीऑर्डरचा कागद काढून दाखवला असता तरी पुरलं असतं. पण त्यानं फक्त मलप्पाकडं पाहिलं. त्या बघण्यात रागही नव्हता, तो वाट बघत होता.

“साहेब, याद्या-बिद्या ऱ्हाऊ द्या,” माणिकप्पा म्हणाला. “मलप्पालाच इचारा. तीस वर्षं माझ्या काट्यावर हुता. मलप्पाचा शब्द म्हंजे काटा.”

मलप्पा उठला. तोलार बसून बोलत नाही, एवढंच त्या घडीला त्याला सुचलं. काठीवर भार देऊन तो उभा राहिला. “शेषेरावनं एक पैसा खाल्ला न्हाई,” तो म्हणाला. “मनीऑर्डर एकच येती, ती सरकारची. लेकाची न्हाई. लेकानं धा वर्सांत काय धाडलं न्हाई, पत्र बी न्हाई. मीच खोटं बोलून राहिलो हुतो.”

 माणिकप्पा आपल्या हातांच्या तळव्यांकडं बघत बसला. संगप्पा ज्या पावलानं शेषेरावकडं निघाला होता ते पाऊल मागं घेत हळूच म्हणाला, “आन्‌ ती नात? शांतम्मा?”

“आसंल बी,” मलप्पा म्हणाला. “मला ठावं न्हाई.”

साहेबांनी जबाब लिहिला, सही घेतली आणि अनुदान कायम असा शेरा मारला. म्हणजे साठ रुपये पक्के झाले. इतक्या लोकांपुढं इतकी अब्रू गेल्यावर ते पक्के झाले याची मलप्पाला आणखी शरम वाटली. पण खरी शरम अजून बाकी होती, आणि ती समोरच्या उंबऱ्यावर बसली होती. लक्ष्मम्माचे हात थांबले होते. अर्धी वळलेली वात बोटात तशीच होती.

लोक पांगले. मलप्पा रस्ता ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काठीच्या आवाजावरून तिनं त्याला ओळखलं.

“म्हंजे तुमी घेतच हुता,” ती म्हणाली.

“हाव.”

“आन्‌ मला म्हनालात, हात पसरू नको.”

 मलप्पानं माफ कर म्हणायला तोंड उघडावं, तर त्याच तोंडानं दीड वर्ष हिचे आशीर्वाद घेतले होते. लक्ष्मम्मानं वातींचा डबा जवळ ओढला, तळाला हात घातला आणि कापसाचे तंतू चिकटलेला तो कागद बाहेर काढला. “चला मंग,” ती म्हणाली. “आता तरी वाट दावा.”

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन तहसीलला गेला. तिनं त्याचा हात धरला नाही, काठीचं टोक धरलं. रेणुकादासांनी कागद बघून मान हलवली. छापील मजकूर जुन्या जिल्ह्याचा होता, दाखल्याची मुदत गेली होती, आता सगळं नव्यानं करायला हवं. “दीड वर्षापूर्वी का नाही आणलात, मलप्पा?” त्यांनी साधेपणानं विचारलं. लक्ष्मम्मा शेजारीच होती. ती आता सांगेल असं मलप्पाला वाटलं, पण तिनं सांगितलं नाही. मलप्पालाच सांगावं लागलं. रेणुकादासांनी चष्मा काढून पुसला आणि नवा फॉर्म घेतला.

पुढचे सात महिने मलप्पानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. माणिकप्पा रस्त्यात भेटला तर बोलायचा, पण काट्याचं ते वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून आलं नाही. पोरांच्या खेळातूनही ते गेलं. शेषेराव यायचा तेव्हा आता नुसतं ‘मनीऑर्डर’ म्हणायचा, तेही खालच्या आवाजात. आणि दर वेळी समोरच्या उंबऱ्यावरून लक्ष्मम्मा विचारायची, “माझी आली का हो?”

“न्हाई, अव्वा,” शेषेराव म्हणायचा. मलप्पा सही करता करता थांबायचा.

आपल्या पैशातला निम्मा दाणा तो तिला नेऊन द्यायचा. ती घ्यायची. ‘नको’ म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती मुकाट्यानं पदर पुढं करायची, गाठ मारायची आणि वाती वळायला लागायची. गुरूला आशीर्वाद सांगा असं ती आता म्हणत नव्हती. मलप्पा क्षणभर उगाच थांबायचा आणि परत यायचा.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी शेषेरावची हाक आली, “लक्ष्मम्मा, मनीऑर्डर.” ह्या खेपेला त्यानं आवाज चांगला वर काढला होता. संगप्पा दुकानातून उठून दारात आला. दोनचार बायका बाहेर आल्या. मलप्पा आपल्या दाराआड उभा राहिला, पुढं आला नाही. लक्ष्मम्मानं कागदावर अंगठा दिला. शेषेराव नोटा तिच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात तिनं हात मागं घेतला.

“अण्णांना बोलवा,” ती म्हणाली. “मला दिसत न्हाई. त्येंनी मापून द्यावं.”

मलप्पा आला. काठी टेकत त्यानं रस्ता ओलांडला. शेषेरावनं दहाच्या नोटा त्याच्याकडं दिल्या.

लक्ष्मम्मानं मान वर केली. “कुनाची हो अण्णा?” तिनं विचारलं. अगदी तेच शब्द, त्याच उंबऱ्यावरून.

“सरकारची,” मलप्पा म्हणाला. “निराधारची.”

“ऐकू न्हाई आलं.”

“सरकारची हाय, लक्ष्मम्मा. निराधारची. मला येती तीच.”

तिनं दोन्ही तळहात जोडून पुढं केले. बोटांची पेरं सुजलेली होती, मधे कापूस अडकलेला होता. मलप्पानं पहिली नोट तिच्या हातावर ठेवली आणि पुटपुटला, “लाभ.”

“आसं न्हाई,” ती म्हणाली. “डोळे गेलेत माझे, कान न्हाईत गेले. बाजारात म्हनायचात तसं म्हना.”

सात वर्षांत त्यानं तो शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता.  समोर संगप्पा होता, बायका होत्या, ज्यांना नातीचे दात मोजून सांगितले ती सगळी माणसं होती. मलप्पानं काठी भिंतीला टेकवून ठेवली, वाकत नसलेल्या पायावर जमेल तितका ताठ उभा राहिला आणि त्यानं पुकारलं, “लाऽभ.”

आवाज मधेच फाटला. तरी तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लक्ष्मम्मा हात तसेच पुढं धरून बसली होती, म्हणून त्यानं दुसरी नोट ठेवली आणि तशाच फाटक्या आवाजात म्हणाला, “दोन.”